मास्तरांचा दुसरा ब्रेक

मास्तरांच्या गाडीला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा मास्तरांच्या पायाशी. ड्रायव्हिंग स्कूलच्या सगळ्याच गाड्यांना असे दोन ब्रेक असतात, त्यात नवल काही नाही. नवल होतं ते मास्तरांच्या उजव्या पायाचं. तोंडानं गप्पा चालू, नजर खिडकीबाहेर, समोरच्या दुकानाची नवी पाटी कशी भडक झालीय यावर सविस्तर मत देणं चालू, आणि पाय मात्र पेडलच्या बोटभर वर तरंगत असायचा. शिकणाऱ्याला वाटायचं, गाडी आपण थांबवली. निम्म्या वेळा ती मास्तरांनी थांबवलेली असायची आणि त्याचा पत्ता ते कुणाला लागू द्यायचे नाहीत.

"घाबरलेल्या माणसाला चूक दाखवली की तो लगेच दुसरी करतो," मास्तर सांगायचे. "आधी त्याला वाटू दे की जमतंय. वाटलं की जमतं." हे ते इतक्या ठासून सांगायचे की ऐकणाऱ्याची शंका विचारायची हिंमत व्हायची नाही. शिवाय त्यांचा शिकवण्याचा लौकिकही तसाच होता. दुसऱ्या शाळांनी हात टेकलेली माणसं त्यांच्याकडे यायची आणि दोनेक महिन्यांत स्वतःची गाडी स्वतः चालवत घरी जायची.

तो पाय कधी काढून घ्यायचा याचीही त्यांची पद्धत ठरलेली. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी गाडी रहदारीत शिरली की मास्तर बूट काढायचे, सीट मागं सरकवायचे आणि चक्क मांडी घालून बसायचे. पट्टा लावलेला असायचा, तेवढं भान होतं. पण दोन्ही पाय वर. शिकणाऱ्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून ते मोजे दिसले की तो चाक दोन्ही हातांनी गच्च धरायचा. "आता गाडी तुझी," म्हणून मास्तर डोळे मिटून घ्यायचे. एक डोळा अर्धवट उघडा असायचा, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. त्यांचे विद्यार्थी एकमेकांना भेटले की परीक्षेचं विचारायचेच नाहीत, "तुझी मांडी झाली का?" एवढंच विचारायचे.

असा माणूस संध्याकाळी घरी येऊन काय करत असेल? तर लोखंडी चिलखत चढवून राक्षसांच्या तळघरात शिरत असे. अर्थात कॉम्प्युटरवर. हा नाद त्यांना लावला लेकीनं. ती शाळेत असताना तिच्याबरोबर चार घटका घालवायच्या म्हणून मास्तर त्या ऑनलाइन खेळात उतरले. पुढं लेक नोकरीला परगावी गेली, तिचा खेळ सुटला, आणि मास्तर मात्र आत अडकले ते अडकलेच.

ज्यांनी असला खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. या खेळात डंजन असतात. डंजन म्हणजे गुहा, तळघरं, पडके किल्ले, आत राक्षसांची गर्दी आणि शेवटी एक थोरला राक्षस, त्याला बॉस म्हणतात. एकट्यादुकट्याचं तिथं काम नाही, पाच जण लागतात. एक टँक, म्हणजे पुढं उभा राहून सगळा मार अंगावर घेणारा. एक हीलर, म्हणजे मागं उभं राहून सगळ्यांच्या जखमा भरणारा. आणि उरलेले तिघं मारणारे, ज्यांना आपण किती जोरात मारतोय यापलीकडे जगाशी काही घेणंदेणं नसतं.

पूर्वी हे पाच जण जमवायचे म्हणजे खेळातल्या चौकात उभं राहून भाजीवाल्यासारखं ओरडावं लागायचं: हीलर पाहिजे, हीलर! मग त्यात ग्रुप फाइंडर आला. आपण टँक की हीलर की मारणारे ते सांगायचं, बटण दाबायचं आणि स्वस्थ बसायचं. फाइंडर कुठून कुठून चार माणसं गोळा करतो आणि पाचांना उचलून डंजनच्या दाराशी टाकतो. ओळख ना पाळख. लग्न जुळवणाऱ्यांनी हेवा करावा अशी झटपट जुळणी, आणि काम संपलं की तितकीच झटपट फारकत. टँक आणि हीलर यांचा कायम तुटवडा, त्यामुळे त्यांचा नंबर बटण दाबताक्षणी लागतो. मारणारे बिचारे ताटकळत बसतात. एखादा अगदीच निकामी निघाला तर त्याला मधूनच हाकलायचीही सोय असते. बाकीच्यांच्या पडद्यावर प्रश्न येतो, याला काढायचं का? तिघांनी हो म्हटलं की तो बाहेर.

जुने खेळाडू या फाइंडरच्या नावानं बोटं मोडायचे. माणसामाणसांतली ओळख संपली, म्हणायचे. मास्तरांना मात्र तो मनापासून आवडायचा. "दिवसभर माझ्या शेजारी अनोळखी माणूस बसतो, तोही गाडीचं चाक हातात घेऊन," ते म्हणायचे. "मला कसली चार अनोळखी माणसांची भीती? कोणतेही चार द्या. पहिल्या मारामारीत सांगतो कोण काय दमाचा आहे ते." आणि खरंच सांगायचे. बढाई मारायची ती खरी करून दाखवायची, असा त्यांचा स्वभाव.

आता वहिनींकडे येऊ. मास्तरांची बायको ही अख्ख्या गल्लीची वहिनी. तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा तिला वहिनीच म्हणायची. गल्लीच्या तोंडाशी तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान. पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, कॉलर उलटवणं, फाटलेलं असं सांधणं की फाटलं होतं हे मालकालाही आठवू नये. हात चोख आणि जीभ त्याहून चोख. संध्याकाळी दुकान बंद करून ती घरी यायची तेव्हा मास्तर पडद्याकडे तोंड करून बसलेले असायचे. असं बरेच दिवस चाललं. मग एके दिवशी ती म्हणाली, "अहो, तुमची पाठ आता मला तोंडपाठ झालीय. त्या लेकीच्या कॉम्प्युटरवर मला पण काय ते सुरू करून द्या."

मास्तर उडालेच. दोन टेबलं समोरासमोरच्या भिंतींना लावलेली, त्यामुळे दोघं पाठीला पाठ लावून बसली. "तू काय होणार?" मास्तरांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "मारामारी तुम्ही करा. फाटलेलं शिवायचं माझ्याकडे द्या." अशा त्या हीलर झाल्या.

पहिल्या दिवशी फजिती झाली. कोणतं बटण कशाचं हे शोधेपर्यंत मास्तर पहिल्याच बोळात आडवे झाले. एका मारणाऱ्यानं लिहिलं, "हीलर झोपलाय का?" आणि तो निघून गेला. पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. वहिनी उठल्या. "मला नाही जमायचं हे," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन इस्त्री झालेल्या कपड्यांना पुन्हा इस्त्री करायला लागल्या.

मास्तरांनी तो चेहरा ओळखला. पहिल्या दिवशी गाडी बंद पडते, मागून हॉर्न वाजतात, आणि माणूस उतरताना म्हणतो, बघू, उद्या येतो. तो उद्या कधी उगवत नाही. अशी कितीतरी माणसं त्यांनी गमावली होती आणि म्हणूनच तो तरंगता पाय शिकून घेतला होता. आता स्वतःच्या बायकोला गमवायचं म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी तिला गोड बोलून त्यांनी पुन्हा बसवलं. बसण्याआधी मात्र आपली तयारी करून ठेवली. खेळातल्या पिशवीत औषधाच्या बाटल्या ठासून भरल्या, एक घोट घेतला की जखम भरते अशा. कमरेला एक पट्टा चढवला, त्यानं राक्षसाला मारलं की थोडं रक्त आपल्याला परत मिळतं. बाटलीचं बटण डाव्या करंगळीखाली ठेवलं. मार बसला की करंगळी दाबायची, बस्स. वहिनींना वाटायचं आपल्या मंत्रानं हा माणूस तगलाय. त्यांचा मंत्र कधी वेळेवर लागायचा, कधी राक्षस मेल्यावर लागायचा. मास्तर तगायचे ते तगायचेच.

आणि वहिनी फुलल्या. लेकीला फोनवर सांगायला लागल्या, "तुझ्या बाबांना रोज मी जिवंत ठेवते, नाहीतर त्यांचं काही खरं नव्हतं." अनोळखी मारणाऱ्यांना दम द्यायला लागल्या, "मागं उभा राहा, उगाच पुढं पुढं करू नकोस." दुकानात गिऱ्हाइकांच्या मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून त्या बॉस कसा पाडला ते सांगायच्या. जेवणं आटोपायच्या आधी एखादं तरी डंजन व्हायचंच. दोघं पाठीला पाठ लावून भांडायची, हसायची, एकमेकांना हाका मारायची. लेक गेल्यापासून घर इतकं बोलकं कधी नव्हतं.

मास्तर दर आठवड्याला मनाशी ठरवायचे की आता हळूहळू करंगळी काढून घ्यायची. मग वहिनी म्हणायच्या, "बघितलंत? कसं वाचवलं!" आणि मास्तर म्हणायचे, "वा!" आणि ते पुढच्या आठवड्यावर जायचं. प्रत्येक विद्यार्थ्याचा शेवटचा दिवस ठरवणाऱ्या माणसानं बायकोचा शेवटचा दिवस काही ठरवला नाही. ठरवायचा तरी कशाला? त्यांना ती अशीच आवडत होती.

मग मास्तरांना आठवडाभर परगावी जावं लागलं. आपोआप गिअर बदलणाऱ्या नव्या गाड्या आल्या होत्या, त्या कशा शिकवायच्या याचं शिबिर होतं. निघताना पिशवीची चेन लावत ते सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "आठवडाभर खेळाला सुट्टी दे की. दुकानातही काम साचलंय."

"का म्हणून?" वहिनी म्हणाल्या. "टँक काय, फाइंडर हवा तेवढा देतो. हीलर मिळत नाहीत लोकांना. मी बटण दाबायचा अवकाश, उड्या पडतील." मास्तरांनी लावलेली चेन उघडून पुन्हा लावली. पण सांगायचं काय? सांगण्यासारखं जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

शिबिरातून ते रोज फोन करायचे. पहिल्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "आज टँक अगदी कच्चा मिळाला हो." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आजचाही कच्चाच." तिसऱ्या दिवसापासून खेळाचं नावच निघेना. जेवलात का, झोप झाली का, ठेवते मग. मास्तर शिबिरात बसून गाडीच्या आकृत्या बघत राहिले आणि त्यांना एकही आकृती कळली नाही.

परतले ते दुपारी. दार उघडंच होतं. वहिनी घरात होत्या, आणि बसल्या होत्या मास्तरांच्या खुर्चीत. मास्तरांचा कॉम्प्युटर सुरू होता आणि खेळातली ती पिशवी पडद्यावर सताड उघडी होती.

"या," वहिनी म्हणाल्या. "हातपाय धुऊन घ्या. आणि मग मला सांगा, एवढ्या बाटल्या एका माणसाला कशाला लागतात?"

मास्तर हातपाय धुवायचे विसरले. "अगं, त्या अशाच..."

"मी सांगते. सोमवारी टँक मेला, मला वाटलं तो कच्चा. मंगळवारी मेला, तोही कच्चा. बुधवारी माझ्या समोरून सगळं गायब झालं आणि मी बाहेर चौकात उभी. मला कळेचना काय झालं. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा बाहेर. काढलं हो मला! फाटका कपडा ढिगाबाहेर काढावा तसं काढलं. आणि त्यातल्या एकानं काढायच्या आधी विचारलं, आजवर तुझ्या टँकला जिवंत कोण ठेवत होतं? मी लिहिलं, मीच. त्यावर तो नुसता हसला."

वहिनींनी कीबोर्ड थोडा पुढं सरकवला. "मग म्हटलं, बघू तरी. या एका बटणावरचं अक्षर पार पुसलंय. बाकी सगळी नवी कोरी. कापड कुठं झिजलंय ते बघून माणूस कसा बसतो ते मी सांगते, हे तर बटण आहे. दाबलं, तर बाटली रिकामी झाली आणि तुमचा गडी टुणटुणीत!"

"तू पहिल्याच दिवशी उठून गेली असतीस," मास्तर म्हणाले. "पुन्हा बसली नसतीस."

"नसते बसले. मग? पहिल्या दिवसाचं ठीक आहे. तुमच्या पोरांना तुम्ही शेवटी मांडी घालून दाखवता. माझी मांडी कधी होती?"

मास्तर त्या अक्षर पुसलेल्या बटणाकडे बघत राहिले. 

"आणखी कुठं कुठं पाय ठेवून बसलायत?" वहिनींनी पडद्यावरची पिशवी बंद केली. "ते सांगून टाका. मला कळू दे तरी की माझं म्हणून काय आहे."

मास्तर वहिनींच्या खुर्चीत टेकले. "माझ्या विद्यार्थ्यांना तुझ्या दुकानात पाठवतो."

"ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे. धडधाकट पँटी घेऊन येतात आणि म्हणतात, लांबी बघा जरा. येईनात का! कात्री माझ्या हातात असते. कापड बिघडलं तर माझंच नाव जातं. हे तसं नव्हतं. इथं कात्रीही तुमचीच आणि वर 'वा!' म्हणणारेही तुम्हीच." वहिनी उठल्या. "यापुढं मी एकटी जाणार. तुम्ही मागून एक शब्द बोलायचा नाही."

पुढचे दिवस मास्तरांना जड गेले. दोघं तशीच पाठीला पाठ लावून बसायची, पण वेगवेगळ्या डंजनात. मास्तरांना कुणी अनोळखी हीलर मिळायचा, वहिनींना कुणी अनोळखी टँक. मागून वहिनींच्या टेबलावर हात आपटल्याचा आवाज यायचा, मग "अरे देवा", मग बराच वेळ काही नाही, आणि मग बटण दाबल्याचा आवाज. हाकलून दिलं की माणूस चिडून खेळ बंद करतो. वहिनी बटण दाबायच्या. एकदा न राहवून मास्तर म्हणाले, "अगं, आधी टँककडं बघायचं, मग..." वहिनींनी हेडफोन चढवले आणि त्यानंतर ते काढायच्याच बंद झाल्या.

मास्तरांना कळत होतं की चूक आपली आहे. त्याहून जास्त कळत होतं ते हे, की ती शिकली नाही तर ती कायमची उठून जाईल, आणि या वेळी इस्त्रीला नाही जाणार, मनातूनच जाईल. एवढ्या वर्षांत घाबरलेल्या माणसांना धीर देऊन देऊन त्यांनी नाव कमावलं, आणि घरातलं माणूस त्यांच्या धीरानंच दुखावलं होतं. शिकवताना त्यांचा पाय आता पेडलवरून जरा लवकर उचलला जायला लागला. दोघातिघांची मांडी त्यांनी ठरल्या वेळेच्या आधीच घातली. एकानं फुटपाथला चाक घासलं, मास्तर म्हणाले, "असू दे, चाक आहे, पाय नाही."

हळूहळू मागचे आवाज बदलले. "अरे देवा" कमी झालं. टेबलावरचा हात थांबला. एके संध्याकाळी मागून हसण्याचा आवाज आला, आणि मास्तरांना वळून बघायचा इतका मोह झाला की ते उठून पाणीच प्यायला गेले.

मग एका रविवारी दुपारी वहिनींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "चला," म्हणाल्या. "आज बरोबर जाऊ. बाटल्या?"

"विकून टाकल्या सगळ्या."

"पट्टा?"

"तोही गेला."

वहिनींनी येऊन पिशवी स्वतः तपासली. रिकामी होती. मग त्यांनी बटण दाबलं आणि फाइंडरनं नेहमीप्रमाणे पापणी लवायच्या आत तिघं मारणारे आणून उभे केले.

पडका किल्ला होता. सुरुवातीच्या मारामाऱ्या मजेत झाल्या. मास्तरांना मार बसायचा आणि अंगावर हिरवा उजेड पडून जखम भरायची. वेळेवर, नेमकी. पाठीमागं बायको बोटं चालवतेय आणि इथं आपल्या अंगात जीव येतोय, ही गोष्ट त्यांना पहिल्यांदाच खरी वाटली. ते चेकाळले आणि बॉसवर धावून गेले.

बॉस दांडगा होता. जमिनीवर आग लावायचा. तिघांपैकी एक शहाणा नेमका आगीत उभा राहून तलवार चालवत होता. त्याला वाचवण्यात वहिनी गुंतल्या. तेवढ्यात बॉसचे लागोपाठ तीन घाव मास्तरांवर पडले. त्यांची करंगळी आपसूक त्या पुसल्या गेलेल्या बटणावर गेली. दाबलं. काहीच झालं नाही. टँक पडला, आणि टँक पडल्यावर बाकीचे पडायला कितीसा वेळ लागतो?

पाचही जण आडवे. खेळात पडलेले पुन्हा उठतात, एवढंच बरं. खाली शब्द उमटायला लागले. "टँक कसला हा?" एकानं लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं, "कागदाचा." मास्तरांचे कान गरम झाले. आयुष्यात त्यांना कुणी कच्चं म्हटलं नव्हतं.

"अहो," मागून वहिनींचा आवाज आला. "तुम्हाला काढायचं का म्हणून विचारतायत."

"मला?"

ज्याला काढायचं त्याला प्रश्न दिसत नाही. मास्तर खुर्ची फिरवून वळले आणि त्यांनी बायकोच्या पडद्यावर तो चौकोन पाहिला. टँकला गटातून काढायचं? दोन होकार आधीच पडलेले. अजून एक पडला की मास्तर चौकात. वहिनी गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. पडलेल्या डावाचं खापर टँकच्या डोक्यावर फोडायची या खेळाची रीतच आहे, आणि इतके दिवस चौकात फेकलं गेलेलं माणूस या वेळी गप्प बसलं असतं तर त्याला दोष कोण देणार?

वहिनींनी "नाही" दाबलं. मग खालच्या ओळीत एका बोटानं एकेक अक्षर शोधत लिहायला घेतलं. मास्तर श्वास रोखून वाचत होते. "टँक बरोबर होता. चूक माझी. आगीतल्याला वाचवत बसले आणि टँककडं बघायचं राहिलं. पुन्हा करू."

मास्तरांना एकदम भरून आलं. इतक्या माणसांच्या इतक्या चुका त्यांनी पायाखाली झाकल्या होत्या की कुणी आपली चूक अशी चारचौघांत मांडून वर पुन्हा करू म्हणेल, याची त्यांना सवयच नव्हती. आणि म्हणणारी त्यांचीच बायको होती.

तिसरा होकार आला नाही. थोड्या वेळानं चौकोन आपोआप मिटला, आणि खाली तिसऱ्यानं लिहिलं, "आगीत मी होतो. सॉरी."

"बघा," वहिनी म्हणाल्या. "शहाणा आहे बिचारा. वळा तिकडं, सुरू करा."

दुसऱ्या वेळी बॉसनं तेच केलं. आग, आणि लागोपाठ घाव. मास्तरांचा जीव अगदी टोकाला आला. करंगळी बटणाकडे निघाली. त्यांनी ती मुठीत दाबून धरली आणि वाट पाहिली. वाट पाहणं इतकं अवघड असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी निदान एक डोळा उघडा ठेवता यायचा, इथं सगळा कारभार पाठीमागं. आणि अंगावर हिरवा उजेड पडला. पुन्हा पडला. बॉस डळमळला आणि कोसळला.

दोघं मारणारे नेहमीसारखे एक शब्द न बोलता अदृश्य झाले. तिसरा, तो आगवाला, तिथंच घुटमळला. त्यानं वहिनींना लिहिलं, "आम्ही चौघं मित्र मोठ्या डंजनला निघालोय. फाइंडरच्या भरवशावर तिथं जात नाही, आणि चांगला हीलर मिळत नाही. येता का आत्ता?"

वहिनींनी लिहिलं, "टँक आहे?"

"आहे."

मास्तरांनी ते वाचलं. त्यांना वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच वाईट वाटलं. इतक्या दिवसांनी ती बरोबर आली, आणि एक डंजन होतं न होतं तोच मागणी घालणारा हजर. आणि त्याच वेळी त्यांना असंही वाटत होतं की उठून खिडकीतून गल्लीला ओरडून सांगावं, आमच्या हिला बोलावणं आलंय!

"जाऊ?" वहिनींनी मागं न बघता विचारलं.

"मला काय विचारतेस? तुझं बोलावणं आहे."

"मग चहा टाका," वहिनी म्हणाल्या आणि गेल्यासुद्धा.

मास्तरांनी चहा केला. दोन कप घेऊन आले, स्वतःच्या खुर्चीत बसले नाहीत. स्वयंपाकघरातलं स्टूल आणून वहिनींच्या शेजारी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा खेळ समोरून पाहिला. बोटं नुसती धावत होती. पलीकडचा तो टँक मात्र भलताच आगाऊ होता, धडाधड पुढं जायचा, चार राक्षस पुरे असताना दहा अंगावर घ्यायचा. त्याचा जीव सर्रकन खाली आला आणि मास्तरांच्या तोंडून शब्द निसटलाच.

"अगं, तो टँक..."

"दिसतोय मला," वहिनी म्हणाल्या. टँकवर उजेड पडला, जखम भरली, तो मूर्ख पुन्हा पुढं धावला आणि त्याला वाटलं असणार की आपण फार शूर आहोत. वहिनी हसल्या. "चहा द्या इकडं. आणि तुम्ही बसा असेच, फक्त बोलू नका."

मास्तर बसले, आणि बोलले नाहीत.